आमची वाटचाल : छत्तीस काळे ग्लास

आमच्या कंपनीची पहिली खरेदी म्हणजे छत्तीस ग्लास. काळे हवे होते, मनासारखे मिळेनात, म्हणून साधे काचेचे आणले आणि बाहेरून काळा रंग दिला. आठवडाभर वाळवले. बिअर चाखण्याच्या पहिल्या बैठकीला बारा जण आले. प्रत्येकासमोर तीन ग्लास मांडले, आणि पहिला घोट घ्यायच्या आधीच एक बाई म्हणाल्या, "रंगाचा वास येतोय." खरंच येत होता. ग्लास नाकाशी नेला की बिअरच्या आधी रंगच पोचायचा. बैठक तिथेच थांबवली, सगळ्यांचे पैसे परत केले आणि छत्तीसच्या छत्तीस ग्लास मोडीत काढले. पुढे मुळातच काळ्या काचेचे मिळाले. ते आजही वापरात आहेत.

काळाच ग्लास कशाला, असं नवीन माणूस हमखास विचारतो. डोळा जिभेच्या आधी निकाल देऊन मोकळा होतो म्हणून. गडद बिअर दिसली की माणूस ती जड आणि कडक धरूनच चालतो. आयर्लंडच्या गिनेसचा नळावरचा स्टाउट, म्हणजे काळी बिअर, सव्वाचार टक्के अल्कोहोलच्या आसपासचा असतो आणि सोनेरी पिल्सनर उर्क्वेल ही चेक बिअर त्याहून थोडी वरच, ४.४ टक्क्यांची. पण ग्लास दिसत असेल तर हे कुणाला पटत नाही.

आम्ही तिघं आहोत : मी, धाकटा भाऊ आणि त्याची बायको. छोट्या ब्रुअऱ्यांच्या बिअर शोधायच्या, एकमेकींशेजारी मांडायच्या आणि लोकांना त्यांच्यातला फरक ओळखायला शिकवायचं, हा आमचा धंदा. ब्रुअऱ्यांसाठीही आम्ही हेच करतो.

सुरुवात मात्र वेगळ्याच वाटेने झाली. मी आणि भाऊ सुट्टीच्या दिवशी ब्रुअऱ्या शोधत फिरायचो. प्रत्येक बिअरची नोंद वहीत : वास, फेस, कडवटपणा, शेवटी रेंगाळणारी चव, आणि खाली ५० पैकी गुण. वह्या भरत गेल्या तशी कल्पना सुचली की यातून उत्तम पंचवीस बिअरची यादी काढावी आणि वर्गणी घेऊन लोकांना पाठवावी. वर्गणीदार मिळाले. दोन वर्षं बरी गेली, जम बसतोय असं वाटू लागलं.

भावजय तोवर फक्त हिशेब बघायची. तिचं शिक्षण संख्याशास्त्राचं. एका रविवारी तिने आमच्या यादीतली पहिली आणि नववी बिअर मागवून घेतली. दोन्ही एकाच प्रकारच्या, फिकट एल, म्हणजे उबेत आंबवलेल्या. स्वयंपाकघरात जाऊन तीन ग्लास भरून आणले आणि म्हणाली, "दादा, गुण नका देऊ. तिन्हींतला वेगळा ग्लास कुठला, एवढंच सांगा."

मला सांगता आलं नाही. तीनदा करून बघितलं, दोनदा चुकलो. मग ओळखीच्या बारा जणांना बसवलं. पाच जण बरोबर आले. काहीही न चाखता नुसतं बोट ठेवलं असतं तरी बारातले चार जण बरोबर आले असते. फरक खरोखर कळतोय असं भरवशाने म्हणायचं तर बारापैकी निदान आठ हवेत. म्हणजे ज्या दोन बिअरमध्ये आम्ही आठ पायऱ्यांचं अंतर छापलं होतं, त्या वेगळ्या आहेत हेसुद्धा आम्हाला सिद्ध करता येत नव्हतं. कुठली श्रेष्ठ हा प्रश्न तर पुढचाच.

त्या रात्री ती बोलली ते माझ्या पक्कं लक्षात आहे. थोडक्या नमुन्यांवरून किती खात्रीने बोलता येतं, हे जगाला ज्याने शिकवलं तो माणूस ब्रुअरीत नोकरीला होता. विल्यम गॉसेट १८९९ साली डब्लिनला गिनेसमध्ये लागला. जव, हॉप्स (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी फुलं), प्रत्येक गोष्टीचे हाती येणारे नमुने थोडे, आणि निर्णय मोठे. त्यातून त्याने जी पद्धत काढली ती १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने छापून आली. औषधांच्या चाचण्यांपासून शेतीच्या प्रयोगांपर्यंत तीच पद्धत वापरतात. बिअरच्या धंद्याने जगाला दिलेली ही देणगी बिअरची तुलना करणाऱ्यांनीच वापरू नये, हे तिला सहन होत नव्हतं.

आम्ही यादी बंद केली. वर्गणीदारांना कारण सविस्तर लिहून कळवलं आणि उरलेल्या महिन्यांचे पैसे परत पाठवले. बरेच जण गेले. जे राहिले त्यांना घेऊन तीन ग्लासांच्या बैठका सुरू केल्या.

बैठकीचा सांगाडा सोपा आहे. तीन ग्लास, त्यात दोन सारखे, एक वेगळा. वेगळा कुठला ते ओळखायचं. जोडी कुठल्या बिअरची हेही धरलं तर मांडणीचे सहा क्रम होतात, ते सगळे बैठकीत समान वाटायचे, नाहीतर मधला ग्लास उगाचच वेगळा वाटतो. ग्लासवर तीन आकडी खुणा, कारण 'एक' किंवा 'अ' लिहिलं की तोच चांगला वाटायला लागतो. प्रत्येक ग्लासात ६० मिली, सगळ्या बिअर एकाच तापमानाला. फार गार दिली तर वास दबतो आणि सगळ्याच बिअर चांगल्या लागतात. लागर (थंडीत आंबवलेली बिअर) साधारण ६ अंशांवर, एल ११-१२ वर असावी असं आमचं मत. कडू बिअर नेहमी शेवटी, कारण हॉप्सचा कडवटपणा जिभेवर साठत जातो. आणि ग्लास स्वच्छ हवा, म्हणजे दिसायला नव्हे. पारदर्शक ग्लासात बुडबुडे काचेला चिकटून बसले तर तिथे चरबी किंवा साबण राहिलाय. काळ्या ग्लासात ते दिसत नाही, म्हणून आमच्याकडे धुण्याचं काम सगळ्यात जबाबदारीचं आहे.

दुसरा मोठा धडा एका ब्रुअरीवाल्याने दिला. त्याची बिअर आमच्या बैठकीत मागे पडली होती. लोकांनी 'शिळी', 'ओल्या पुठ्ठ्यासारखी' असं लिहिलं होतं. तो आला तो चिडूनच, पण हातात टाकीतून त्याच दिवशी भरलेली बाटली घेऊन. आम्ही दोन्ही शेजारी ठेवल्या. एकाच नावाच्या दोन निराळ्या बिअर होत्या त्या. आम्ही आणलेली बाटली दुकानाच्या उघड्या फळीवर सात आठवडे उभी होती, तेही उन्हाळ्यात. या व्यवसायात एक ठोकताळा सांगतात : बिअरचं ३ अंशांवर ३०० दिवसांत जेवढं बिघडतं, तेवढं २२ अंशांवर ३० दिवसांत आणि ३२ अंशांवर ३ दिवसांत. ऑक्सिजन आणि उष्णता मिळून पुठ्ठ्याची चव आणतात. उजेडाची तऱ्हा वेगळी : त्याने हॉप्समधली द्रव्यं बदलतात आणि उग्र, कुबट वास सुटतो, म्हणून तर तपकिरी बाटली हिरवीपेक्षा बरी आणि डबा सगळ्यात बरा. आम्ही मोजली होती ती दुकानाची फळी, आणि नाव लावलं होतं त्या माणसाचं. मी त्याची माफी मागितली.

तेव्हापासूनचा नियम आजवर मोडलेला नाही. बिअर ब्रुअरीतून आम्ही स्वतः आणतो, वाटेत गार ठेवतो, आणि ज्यांच्या भरण्याच्या तारखांत दोन आठवड्यांहून जास्त अंतर आहे त्या एका मेजावर मांडत नाही. याने खर्च जवळजवळ दुप्पट झाला. एका मोठ्या वितरकाने माल घरपोच देण्याची तयारी दाखवली होती, फक्त भरण्याची तारीख विचारायची नाही अशी अट होती. आम्ही नाही म्हटलं.

चौथ्या वर्षी हातात थोडे पैसे आले तेव्हा आम्ही तिघंही जर्मनीत कोलोन आणि ड्युसेलडॉर्फला गेलो. एखाद्या प्रदेशाची बिअर म्हणजे काय, हे मला तिथे उमगलं. दोन शहरांत जेमतेम चाळीस किलोमीटर. दोन्हीकडे वर तरंगणाऱ्या यीस्टने आंबवतात आणि मग थंडीत मुरवतात. पण कोलोनची क्योल्श फिकट सोनेरी, नितळ, २०० मिलीच्या उभ्या सडपातळ ग्लासात. ड्युसेलडॉर्फची आल्ट तांबूस, माल्टच्या (मोड आणून वाळवलेल्या जवाच्या) चवीची, आणि बरीच कडू. १९८६ मध्ये कोलोनच्या ब्रुअऱ्यांनी एकत्र येऊन करार केला आणि क्योल्श म्हणजे नेमकं काय ते ठरवलं. इतक्या घट्ट चौकटीत सगळ्या सारख्याच लागतील असं मला वाटलं होतं, आणि पहिल्या दिवशी लागल्याही तशाच. तिसऱ्या दिवशी फरक उलगडायला लागले. पेफगेन या ब्रुअरीची कोरडी, हॉप्स पुढे असलेली. माल्झम्युले या दुसरीची गोडसर, माल्टकडे झुकलेली. भाऊ म्हणाला, "चौकट इतकी लहान आहे म्हणूनच आपल्याला करणाऱ्याचा हात दिसतोय." त्या वाक्यावर आमची पुढची कामाची पद्धत उभी आहे. स्टाउट आणि गव्हाच्या बिअरची तुलना आम्ही करतच नाही. एकच प्रकार, जवळपासच्या चार-सहा ब्रुअऱ्या, आणि भरपूर वेळ.

परतीच्या वाटेवर चेक देशातल्या प्लझेनला थांबलो. १८४२ मध्ये योसेफ ग्रोल या बव्हेरियन ब्रुअरने तिथे पहिली सोनेरी पिल्सनर केली. तळघरात लाकडी पिंपातून न गाळलेली बिअर देतात. ती आणि वर मिळणारी गाळलेली यांत मला दुधाळपणाचा आणि गोलाईचा फरक वाटला. पण त्याहून लक्षात राहिलं ते पाणी. प्लझेनचं पाणी अतिशय मृदू, क्षार नाहीतच म्हणावेत इतकं. त्यामुळे झाटेत्स या चेक गावच्या हॉप्सचा कडवटपणा तिथे टोचत नाही. याच्या उलट इंग्लंडमधलं बर्टन. तिथल्या पाण्यात जिप्समचं भरपूर सल्फेट, आणि त्याने हॉप्स धारदार, कोरडे लागतात. बर्टनच्या फिकट एलची कीर्ती त्या पाण्यावर वाढली. हल्ली क्षार काढून किंवा घालून कुठलंही पाणी कुठल्याही पाण्यासारखं करता येतं. तरी नव्या ब्रुअरीत गेलो की मी आधी तिथलं साधं पाणी मागतो आणि विचारतो, याचं तुम्ही काय करता? ज्याला यावर दहा मिनिटं बोलता येतं, त्याची बिअर बहुधा चांगली निघते.

ब्रुअऱ्या शोधण्याच्याही आता सवयी झाल्यात. जाहिरातींपेक्षा मी हॉप्स विकणाऱ्यांना आणि नळांच्या नळ्या साफ करणाऱ्यांना विचारतो. कुणाकडे माल ताजा जातो आणि कुणाच्या नळ्या वेळेवर धुतल्या जातात, हे त्यांना ठाऊक असतं. आणि गेल्यावर सगळ्यात साधी बिअर आधी मागायची. फळं, मसाले, पिंपातलं मुरवण या सगळ्यांत चूक झाकली जाते. फिकट लागरमध्ये काही झाकत नाही.

मधल्या दोन वर्षांत बैठका पूर्ण थांबल्या होत्या. भावजयीने नोकरी धरली आणि घर चालवलं. त्यावर जास्त लिहीत नाही, पण ती नसती तर ही कंपनी उरली नसती.

आज निम्मं काम ब्रुअऱ्यांकडून येतं. एका ब्रुअरीला माल्टचा पुरवठादार बदलायचा होता. गिऱ्हाइकाला कळेल का, एवढंच विचारायचं होतं. चोवीस जण बसवले. फरक आहे म्हणायला तेरा बरोबर हवे होते, आले नऊ. अहवालात भावजयीने आवर्जून लिहिलं : फरक सापडला नाही, म्हणजे फरक नाही असं नव्हे, पुढच्या तीन घाण्यांनंतर पुन्हा तपासा. त्यांनी तपासलं.

दुसरं उदाहरण एका तरुण ब्रुअर बाईंचं. त्यांच्या लागरमध्ये कधी कधी लोण्याचा वास येतो अशी तक्रार होती, टाकीतून घेतलेला नमुना मात्र स्वच्छ. आम्ही त्या नमुन्याचे दोन भाग केले, दोन्ही झाकले, एक ६० अंशांच्या गरम पाण्यात वीस मिनिटं ठेवला, मग दोन्ही सारखे गार केले. झाकण काढलं तर गरम केलेल्या भांड्यातून लोण्याचा लोट आला. लोण्याचा वास देणारं डायअसिटाइल ज्यापासून बनतं ते द्रव्य टाकीत शिल्लक होतं; बाटलीत गेल्यावर त्याचं सावकाश लोणी होत होतं. यीस्ट ते स्वतःच साफ करतं, फक्त थंड करण्याआधी त्याला वेळ द्यावा लागतो. बाईंनी टाकी आणखी दोन दिवस उबेला ठेवली आणि नवा नमुना आणला. दोन्ही भांडी सारखीच निघाली. त्यांनी चार-पाचदा आलटून पालटून वास घेतला आणि मग खुर्चीत बसल्या.

त्याच दिवशी आम्हाला कळलं की भावाला तो लोण्याचा वास मुळीच येत नाही. तशी माणसं असतात. नाकानाकांत एवढा फरक असतो. तेव्हापासून तो चाखायला बसत नाही. ग्लास धुणं, ओतणं, तापमान बघणं, मांडणीचे क्रम ठरवणं, सगळं त्याच्याकडे, आणि त्याच्याइतकं सारखं ओतणारा हात मी दुसरा पाहिलेला नाही.

येत्या बैठकीला सहा ब्रुअऱ्यांच्या सहा लागर आहेत, सगळ्या एकमेकींपासून दहा दिवसांच्या आत भरलेल्या. परवा मी आणि भावजय त्या गाडीतून आणल्या, पण खोके उतरवले त्याने. कुठल्या खुणेखाली कुठली बिअर आहे ती चिठ्ठी त्याच्या खिशात आहे, आणि निकाल लागेपर्यंत तो ती आम्हा दोघांनाही दाखवणार नाही.