शर्टाच्या पाठीवरचा शब्द

आमच्या सोसायटीच्या गेटवर रात्रपाळीला जे काका असतात, त्यांना तीन नावं आहेत. सासूबाई त्यांना ‘वॉचमन’ म्हणतात, सोसायटीच्या नोटिशीत ते ‘गार्ड’ असतात आणि निळ्या शर्टाच्या पाठीवर ‘सिक्युरिटी’ लिहिलेलं आहे. पार्सल आणणारी पोरं तर शर्ट वाचूनच हाक मारतात, “ओ सिक्युरिटी!”

परवा रात्री दीडला गावाहून आले, तेव्हा काका प्लॅस्टिकच्या खुर्चीत मान टाकून घोरत होते. डोक्याला माकडटोपी, मांडीवर रजिस्टर. रिक्षा गेली, बॅगेची चाकं फरशीवर खडखडली, काका हलले नाहीत. मला प्रश्न पडला, तीनपैकी खरं नाव कोणतं?

वॉचमन तर नाहीच. इंग्रजीतला ‘वॉच’ हा ‘वेक’चा, म्हणजे जागं असण्याचा, सख्खा भाऊ. वॉचमन म्हणजे जागणारा. आपल्या गावगाड्यातही रात्रीच्या राखणदाराला ‘जागल्या’च म्हणत. कुणी कुणाचा शब्द उसना घेतला नाही. या कामात अवघड काय आहे ते दोन्हीकडच्या लोकांना सारखंच ठाऊक होतं. आणि ‘पहारा’ पाहण्यावरून आला असं मी बरीच वर्षं धरून चालले होते. तो आला प्रहरावरून. रात्रीचे प्रहर चार, काकांची पाळी बारा तासांची. म्हणजे चारही त्यांच्याच वाट्याला.

मग गार्ड? या शब्दाचं घराणं मोठं. जर्मन वंशाच्या फ्रँक लोकांचा ‘व’ फ्रेंचांच्या तोंडी ‘ग’ झाला, पण उत्तरेकडच्या नॉर्मन लोकांनी ‘व’ सोडला नाही. इंग्रजीने दोघांकडून घेतलं, म्हणून एकाच शब्दाचे दोन-दोन अवतार तिच्या घरात नांदतात: गार्डियन आणि वॉर्डन. मिक्सरच्या खोक्यातली वॉरंटी आणि दुकानदाराने तोंडी दिलेली गॅरंटी याही तशाच बहिणी. वॉर्डरोब म्हणजे कपडे राखणारा. आणि ज्या ‘लॉर्ड’पुढे आपण दीडशे वर्षं वाकलो, तो मुळात ‘पाव राखणारा’. जुन्या इंग्रजीतल्या पाव आणि राखणदार या दोन शब्दांचा आक्रसून झालेला जोड.

आपल्याकडे हा शब्द पलटणीबरोबर आला आणि ‘गारद’ झाला. फ्रेंच पद्धतीची कवायत शिकलेले ते ‘गारदी’, हे नावही त्यातूनच आल्याचं मानतात. इब्राहिमखान गारदी १७६१ साली पानिपतावर पेशव्यांच्या बाजूने लढला आणि पकडला जाऊन मारला गेला. पुढे बाराच वर्षांनी, ३० ऑगस्ट १७७३ रोजी, शनिवारवाड्यात गारद्यांनीच नारायणराव पेशव्यांना मारलं. राखण करणाऱ्यांनीच! “काका, मला वाचवा” ही हाक सगळ्या महाराष्ट्राला पाठ आहे. तेव्हाही काका हलले नव्हते म्हणतात. (आमच्या काकांना हा विनोद सांगायचा धीर मला अजून झालेला नाही.)

उरला शर्टावरचा शब्द. सिक्युरिटी आला लॅटिनमधून: ‘से’ म्हणजे विना, ‘कुरा’ म्हणजे काळजी. ज्याला कसलीच काळजी नाही, असा तो. चारशे वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत तर हा शब्द चक्क गाफीलपणासाठीही वापरत. याच ‘कुरा’तून ‘सिनेक्युअर’ निघाला, म्हणजे काम नाही पण पगार चालू. आमच्या सेक्रेटरींना कळलं तर पुढच्या मीटिंगचा विषय तयार!

तर शर्ट खरं बोलत होता. लॅटिनच्या हिशेबाने त्या क्षणी आमच्या आवारात सिक्युरिटी अगदी चोख होती.

मी खाकरले. काका ताडकन उठले, रजिस्टर खाली पडलं, सलाम झाला.

“झोपलो नव्हतो ताई. जरा डोळे मिटले होते.”

“सगळं आलबेल ना?” मी विचारलं. हाही पहाऱ्यावरचाच शब्द. गोऱ्या शिपायांच्या ‘ऑल इज वेल’चा आपण केलेला.

“एकदम आलबेल,” काका म्हणाले आणि लगबगीने गेट उघडायला धावले. कुलूप नव्हतंच. कडीही लावायची राहिली होती.