एमएम ५४० पासष्टच्या पुढे जाईना: दोष कसा शोधला

गाडी महिंद्रा एमएम ५४०. इंजिन प्यूजोचं एक्सडीपी ४.९०: चार सिलिंडर, २११२ सीसी, कागदावर ४५०० आरपीएमला ६२ अश्वशक्ती. तक्रार एकच होती. सपाट रस्त्यावर, टॉप गिअरमध्ये, पाय पूर्ण दाबूनही गाडी पासष्टच्या आसपास अडकायची. काळा धूर नाही, आवाजात बदल नाही, इंजिन तापत नाही. ऐकणाऱ्या प्रत्येकाने डिझेलचा इंजेक्शन पंप आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या तोट्या) करून घ्यायला सांगितलं. पंपाचं काम महाग असतं आणि एकदा सील तोडलं की मूळ सेटिंग गेलं, म्हणून पंप शेवटी ठेवला.

आधी आकडा खरा आहे का ते पाहिलं. अशा जुन्या गाड्यांत मीटरची केबल ट्रान्सफर केसवरून (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा डबा) येते. कोणी टायर मोठे केले किंवा क्राउन-पिनियन (एक्सलमधली दातेरी जोडी) बदलला की मीटर खोटं बोलू लागतं. सोलापूर रस्त्यावर पाटसच्या पुढे सपाट पट्टा धरून, वाऱ्याचा फरक निघून जावा म्हणून जाताना आणि येताना असं दोनदा, मोबाइलच्या जीपीएसवर वेग घेतला. सरासरी ६६ आली. म्हणजे तक्रार खरी होती.

मग गिअरचं गणित. टायरवर आणि जमिनीवर खडूची खूण करून, माणूस आत बसलेला असताना गाडी चाकाच्या एका फेऱ्याइतकी ढकलली: २.२२ मीटर. मागची दोन्ही चाकं उचलून, गिअर न्यूट्रलला, दोन्ही चाकं बरोबर एक फेरा फिरवली तेव्हा प्रोपेलर शाफ्ट (मागच्या एक्सलला ताकद नेणारा दांडा) पाच फेऱ्यांना थोडा कमी फिरला. म्हणजे क्राउनचे ३९ दात भागिले पिनियनचे ८, ४.८८ चा रेशो. (एकच चाक उचललेलं असेल तर ते दोन फेरे फिरवायचं, नाहीतर निम्माच आकडा मिळतो आणि सगळं गणित चुकतं.) यावरून टॉपमध्ये ६६ ला इंजिन जेमतेम २४०० आरपीएमवर होतं. गिअर आडवा येत नव्हता. एक तर इंजिनाला ताकद काढता येत नव्हती, नाहीतर ती वाटेत कुठेतरी खर्च होत होती. क्लच सरकत असता तर वेग न वाढता इंजिनाचा आवाज चढला असता. तसं काही नव्हतं.

वाटेतला खर्च तपासायला सोपा. दहा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता गाडी चालवली आणि थांबताच चारही ड्रमला हाताच्या पाठीने अंदाज घेतला. मागचा डावा ड्रम चटका देत होता, बाकीचे कोमट. चाक जॅकवर घेतलं तर हाताने अर्धा फेराही सुटेना. इथे एक युक्ती फार उपयोगी पडते: ब्लीडिंग निपल (ब्रेकमधली हवा काढायची तोटी) जरा ढिली करायची. चाक लगेच सुटलं तर ऑइलचा दाब अडकलाय, म्हणजे होज (ब्रेक ऑइलची रबरी नळी) आतून फुगलाय किंवा मास्टर सिलिंडरच्या पेडलला फ्री प्ले नाही. निपल सोडूनही चाक घट्टच राहिलं तर दोष ड्रममध्येच. आमचं दुसरं निघालं. शूचा स्प्रिंग ताणून लांबला होता आणि व्हील सिलिंडरचा पिस्टन गंजाने अडकत होता. तेवढं केल्यावर ६६ चे ७१ झाले. याच वेळी पुढचे हब फ्री (चाकं एक्सलपासून सुटी) आहेत ना आणि फोर बाय फोरचा लिव्हर पूर्ण सुटतो ना, तेही बघून घेतलं. पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे असले आणि फोर बाय फोर अर्धवट अडकलेला असला तर गाडी स्वतःलाच ओढत राहते.

पुढे इंजिन. काळा धूर असता तर हवा कमी पडतेय म्हणून एअर फिल्टर आधी उघडला असता. धूर नाही आणि ताकदही नाही याचा अर्थ बहुधा डिझेलच कमी जातंय. आधी एक्सलरेटर पाहिला. एकाला पेडल पूर्ण दाबायला सांगून पंपाच्या लिव्हरकडे पाहिलं, तर लिव्हर आणि मॅक्सिमम स्क्रू (लिव्हर जास्तीत जास्त कुठवर जाईल ते ठरवणारा) यांच्यात पेन्सिल जाईल एवढी फट! पेडल आणि लिव्हर जोडणाऱ्या लिंकेजच्या पिना झिजल्या होत्या. क्रँक पुलीवर चकाकती पट्टी लावून टॅकोमीटरने मोजलं: विनाभार ३९०० आरपीएम. पिना बदलल्यावर ४६०० च्या पुढे गेलं. स्क्रूला हातही लावला नाही. दोष खरा होता, पण मुख्य गुन्हेगार हा नव्हता. ३९०० आरपीएम म्हणजे टॉपमध्ये शंभराच्या वर, आणि आपण अडकलो होतो सत्तरीत. तिसऱ्या गिअरमधला फरक मात्र लगेच जाणवला.

खरी खूण रस्त्यावर सापडली. पाय दाबून धरला की गाडी ७५ पर्यंत चढायची, अर्ध्या मिनिटाने आपोआप ६८-७० ला उतरायची. पाय सोडून थोडं थांबलं की पुन्हा चढायची. फिल्टरच्या वाटीत साठलेलं डिझेल संपेपर्यंत इंजिन ओढतं, मग मागून येणारं पुरत नाही, हा त्याचा अर्थ. दोन्ही फिल्टर महिन्यापूर्वीच बदललेले होते, म्हणून शंका मागे सरकली.

पाच लिटरचा स्वच्छ कॅन घट्ट बांधून फीड पंपाची (टाकीतून डिझेल ओढून फिल्टरकडे पाठवणारा छोटा पंप) ओढणारी नळी आणि रिटर्न (जादा डिझेल परत आणणारी नळी) दोन्ही त्यात सोडल्या, नळ्यांतली एअर काढली. कॅन टाकीच्याच पातळीला ठेवायचा. उंच ठेवला तर डिझेल उताराने येतं आणि कमजोर फीड पंपही चांगला वाटतो. फिल्टर आणि इंजेक्शन पंप यांच्यामध्ये वीतभर पारदर्शक नळीही घातली, बुडबुडे दिसावेत म्हणून. ओढणाऱ्या बाजूला एअर धरली तर बाहेर डिझेल ठिबकत नाही, हवा आत जाते, त्यामुळे नुसत्या नजरेने ते कळत नाही. नळीत एकही बुडबुडा नव्हता. आणि गाडी ९० ला पोचून तिथेच टिकली.

दोष टाकी आणि फीड पंप यांच्यामध्ये होता. टाकीतली पिकअपची नळी बाहेर काढली तर तिच्या टोकाच्या जाळीवर काळपट, बुळबुळीत साय घट्ट बसलेली, बोटाने खरवडली तर खाली गंजाचे कण. बॅन्जो बोल्टमधली (नळी जोडणारा पोकळ बोल्ट) छोटी जाळीही अर्धी बंद होती. डिझेलमध्ये पाणी साचलं की त्यात ही साय वाढते. पावसाळ्यात अर्धी टाकी ठेवून उभ्या राहिलेल्या गाड्यांत हे नेहमीचं. जवळची रबरी नळी कापून पाहिली. बाहेरून धड, पण आतला थर सुटून ओढ लागली की चपटा होत होता. टाकी उतरवून धुतली, नळी बदलली, बॅन्जोचे तांब्याचे वॉशर नवे घातले.

आता जाता-येता सरासरी ९२ येते. पंपाचं सील जसंच्या तसं आहे. नोझल मात्र काढून टेस्टरवर पाहायच्या आहेत, कारण सकाळी सुरू करताना पांढरा धूर अजून थोडा रेंगाळतो.