तीन सेकंदांची हिरवी पट्टी

सांगली जिल्ह्यातल्या एका पतसंस्थेची तक्रार होती की दिवसअखेर रोखकिर्द जुळत नाही, एकच भरणा दोनदा पडतो. सॉफ्टवेअरवाल्यांचं उत्तर ठरलेलं: कॅशियर बटण दोनदा दाबतात. लॉगमध्ये तसं दिसतही होतं. पण का दाबतात, हे कुणी विचारलंच नव्हतं. मला स्क्रीनचा भाग तपासायला बोलावलं होतं. कोड उघडण्याआधी मी काउंटरच्या आत, कॅशियर ताईंच्या शेजारी स्टूल टाकून बसलो.

संध्याकाळी पिग्मी एजंट यायला लागले. ताई नोटा मोजायच्या, रक्कम टाकायच्या, एंटर मारायच्या आणि लगेच मान खाली. स्लिपवर शिक्का, सही, नोटांच्या गड्डीला रबर, गड्डी गल्ल्यात. मान वर करून बघतात तर खाते क्रमांक आणि रक्कम जशीच्या तशी. समोर एजंट ताटकळलेला. झालं की नाही? पुन्हा एंटर.

मधल्या वेळात वरच्या उजव्या कोपऱ्यात ‘नोंद जतन झाली’ अशी हिरवी पट्टी येऊन गेली होती. ताईंना विचारलं, ‘‘ही पट्टी दिसते का तुम्हाला?’’

‘‘कुठली हो सर?’’

बोट दाखवल्यावर म्हणाल्या, ‘‘ती होय! मला वाटायचं इंटरनेटचं काहीतरी असेल.’’

कोडमध्ये पट्टीचं आयुष्य ३००० मिलिसेकंद लिहिलेलं होतं. या प्रकाराला टोस्ट म्हणतात. अँड्रॉइडचा टोस्टही दोन किंवा साडेतीन सेकंदच टिकतो, आणि ‘लिंक कॉपी झाली’ एवढं सांगायला तेवढं पुष्कळ झालं. पण लोकांच्या पैशाची पोच अशी विरून जाणाऱ्या पट्टीवर सोडायची? मला खरंच राग आला. काउंटरवरच्या बाईची नजर नोटांवर असते, आणि तिथेच असायला हवी.

चौकशीच्या खिडकीवर एक दृष्टिहीन सहकारी आहेत, एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, वापरतात. त्यांना ही पट्टी कधी ऐकूच आली नव्हती. पट्टीचा डिव्ह, म्हणजे पानाच्या कोडमधला तिचा कप्पा, आयत्या वेळी मजकुरासकट तयार व्हायचा, त्यामुळे स्क्रीन रीडरला त्याची चाहूलच लागत नसे. ‘स्टेटस’ हा रोल, म्हणजे ‘इथे स्थितीचा संदेश येतो’ अशी खूण, दिलेला रिकामा डिव्ह पानावर आधीपासून असावा आणि मजकूर नंतर त्यात पडावा, मग तो नीट बोलला जातो. वेबसाइट अपंगांनाही वापरता याव्यात यासाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांत, २०१८च्या डब्ल्यूसीएजी २.१ मध्ये, ४.१.३ हा निकष अशाच संदेशांसाठी आहे.

पुरवठादारांचे मॅनेजर फोनवर म्हणाले, ‘‘तीनाचे दहा सेकंद करू, विषय संपला.’’ मी नाही म्हणालो. फाटकी नोट निघाली, एजंटाशी हुज्जत झाली, की दहा सेकंद कुठल्या कुठे जातात, हे मी नुकतंच पाहिलं होतं.

मग टेस्ट सर्व्हरवर बदल केला. नोंद पडली की फॉर्म रिकामा होतो आणि रकमेच्या चौकटीखालीच पावती क्रमांक, खातं, रक्कम अशी ओळ येते, ती पुढची नोंद होईपर्यंत हलत नाही. चूक झाल्याचा संदेश तर आपण बंद केल्याशिवाय जातच नाही. शिवाय प्रत्येक फॉर्मला स्वतःची एक किल्ली, म्हणजे वेगळा ओळख क्रमांक, दिली. तीच किल्ली दुसऱ्यांदा आली तर सर्व्हर नवी नोंद न करता पहिलीच पावती परत देतो.

ताईंनी एक भरणा टाकून पाहिला. म्हणाल्या, ‘‘पावती नंबर जरा ठळक करा. स्लिपवर मला तोच लिहायचा असतो.’’