खंडोबाच्या टेकडीवरून उतरताना

नाशिकला गेले होते मावसबहिणीच्या लग्नाला. लग्न छान झालं, पंचवटीत गर्दी होती, रामकुंडावर पाय ठेवायला जागा मिळाली नाही. त्या तीन दिवसांबद्दल एवढंच पुरे. लिहायचं आहे ते देवळालीतल्या एका संध्याकाळबद्दल.

मावशी देवळाली कॅम्पात राहते. तिचे शेजारी तोफखान्यातून निवृत्त झालेले, मूळचे निफाडकडचे. रोज संध्याकाळी ते खंडोबाच्या टेकडीवर जातात. "जा की काकांबरोबर, लग्नघरातून सुटशील तेवढीच," मावशी म्हणाली. त्यांना डावा पाय गुडघ्याखाली नाही, हे मात्र तिने सांगितलं नाही. पँट आणि बुटांत मलाही ते कळलं नाही. चढताना धाप मलाच लागत होती.

वर पोचलो आणि लांबून दणके ऐकू आले. मी दचकले. "रेंजवर सराव चाललाय," काका म्हणाले आणि आवाज थांबेपर्यंत पुढे बोललेच नाहीत.

तिथे चार-पाच मुलं बसली होती. त्यातल्या एकाने काकांना ओळखलं आणि मोबाइल समोर धरला. "काका, पाय गेला तेव्हा कसं वाटलं, सांगा ना!" माझ्या डोक्यात तिडीक गेली. काका चिडले नाहीत. "नव्व्याण्णव साल. द्रासला बोफोर्सवर होतो. समोरून गोळा आला, स्प्लिंटर लागला. श्रीनगरला बेस हॉस्पिटलात पाय काढला, पुण्यात नवीन बसवला." संपलं. मुलांना आणखी काहीतरी हवं होतं. थोडा वेळ घुटमळून ती निघून गेली. आणि खरं सांगायचं तर पायाचं कळल्यापासून माझ्याही ओठांवर तोच प्रश्न होता.

कारगिलमध्ये ५२७ जवान शहीद झाले, हे मला पाठ होतं. जखमी १३६३ होते, हे त्या रात्री शोधल्यावर कळलं. मुरलीकांत पेटकरांचंही तसंच. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून कमरेखालचं शरीर अधू झालेला हा सांगलीकडचा जवान १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये पोहण्यात सुवर्णपदक जिंकला. पद्मश्री मिळाली २०१८ साली. इतकी वर्षं आपण काय करत होतो?

देवळालीला तर या दुखण्याची जुनी ओळख आहे. इंग्रजांच्या काळात नोकरी संपलेले गोरे सोजीर इथल्या छावणीत मायदेशी जाणाऱ्या बोटीची महिनोन्महिने वाट बघायचे. उकाडा, हिवताप आणि रिकामपण यांनी काहींचं डोकं फिरायचं. त्यावरून इंग्रजीत वेड लागण्याला 'डूलाली टॅप' म्हणू लागले. डूलाली म्हणजे देवळाली आणि टॅप म्हणजे आपला ताप. गावाचं नाव जगभर गेलं ते असं.

उतरताना मला खरं काय ते दिसलं. काका आडवे वळून एकेक पायरी उतरत होते. मी हात पुढे केला. "हात नको गं. तू एक पायरी पुढे राहा, बस." अर्ध्यावर ते बसले, पँट वर केली, पाय काढून शेजारी ठेवला आणि खिशातून एक मोजा काढला. दिवसभर चालून मांस आकसतं, पाय आत सैल होतो, मग एक मोजा वाढवावा लागतो. तसंच चाललं तर कातडी सोलते, आठ दिवस घरी बसावं लागतं. हे सगळं ते मोजा चढवता चढवता सांगत होते. कातडीवर लाल चट्टा होता.

"दुखतं?" शेवटी मी विचारलंच.

"इथं फार नाही. अंगठा दुखतो, तिकडचा." द्रासला गेलेला अंगठा, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत.

खाली पोचल्यावर त्यांनी गुडघा दाबून बघितला. "उद्या येतेस?"

माझी पुण्याची बस सकाळी सातची होती. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मावशीला फोन केला. काका मघाशीच टेकडीकडे गेले होते.