टिळक आळी ते चिखलगाव: लोकमान्यांच्या मुलखातून

रत्नागिरी रेल्वे स्टेशन शहरापासून लांब, कुवारबावच्या बाजूला आहे. बाहेर पडलात की रिक्षावाल्याला 'टिळक जन्मस्थान, टिळक आळी' एवढं सांगायचं, पण भाडं बसण्याआधी ठरवून घ्यायचं. सरकारी संग्रहालयांना बहुधा सोमवारी सुट्टी असते, म्हणून रत्नागिरीसाठी सोमवार धरू नका. पावसाळाही शक्यतो टाळा. घाटात दरड आली की सगळा बेत कोलमडतो आणि खाडीतल्या फेरीबोटींचा भरवसा राहत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे दिवस उत्तम.

23 जुलै 1856 रोजी टिळकांचा जन्म झाला तो या घरात. उतरतं कौलारू छप्पर, चिऱ्याचं बांधकाम, आत त्यांच्या आयुष्यातल्या प्रसंगांची चित्रं. वडील गंगाधरपंत इथे शिक्षक होते आणि घर भाड्याचं होतं. 1866 मध्ये वडिलांची पुण्याला बदली झाली आणि दहा वर्षांचा बाळ रत्नागिरीतून गेला. चित्रांवरची वर्षं नीट वाचा. 1879 साली एलएल.बी. झालेल्या या माणसाने वकिली थाटली नाही, सरकारी नोकरीही धरली नाही. मित्रांबरोबर शाळा काढली, मग 'केसरी' आणि 'मराठा'. पुढे ती शाळा चालवणाऱ्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीतून बाहेर पडल्यावर चरितार्थासाठी पुण्यात लॉ क्लास चालवला. कायदा शिकवणाऱ्या या माणसाला आरोपी म्हणून कोर्टात पुन्हा पुन्हा उभं राहावं लागलं: 1882 मध्ये कोल्हापूर प्रकरणात (तिथल्या दिवाणावरच्या लिखाणावरून) अब्रुनुकसानीसाठी, 1897 आणि 1908 मध्ये राजद्रोहासाठी. माझ्या मते टिळक समजायचे तर हे खटले वाचल्याशिवाय गत्यंतर नाही.

जन्मस्थानावरून थेट थिबा राजवाडा गाठा. वाटेत दुसरं काही घेऊ नका, कारण या दोन जागा लागोपाठ बघण्यातच अर्थ आहे. ब्रह्मदेशचं राज्य घेतल्यावर इंग्रजांनी तिथल्या थिबा राजाला मंडालेहून काढलं आणि 1886 मध्ये रत्नागिरीत आणून ठेवलं. रत्नागिरीत जन्मलेल्या टिळकांना 1908 मध्ये मंडालेला धाडलं. मंडालेचा तुरुंग किल्ल्याच्या आत होता, आणि तो किल्ला म्हणजे थिबाच्याच राजधानीचा कोट. राजवाडा 1910 मध्ये पुरा झाला आणि राजा तिथे राहायला गेला. त्याच साली हिवाळ्यात टिळक त्याच्या जुन्या कोटाच्या आत, लाकडी फळ्यांच्या कोठडीत, शिसपेन्सिलीने 'गीतारहस्य' लिहीत होते. टिळक 1914 मध्ये सुटले. थिबा 1916 च्या डिसेंबरमध्ये रत्नागिरीतच वारला. वाड्याच्या वरच्या मजल्यावर रंगीत काचांच्या कमानदार खिडक्यांशी थोडं थांबा. समुद्रापार माणूस नेऊन टाकायचा, म्हणजे त्याचे लोक त्याला विसरतील, हा हिशेब दोघांच्या बाबतीत एकच होता.

1908 चा खटला थोडक्यात माहीत असू द्या. 'देशाचे दुर्दैव' आणि 'हे उपाय टिकाऊ नाहीत' या 'केसरी'तल्या लेखांवरून राजद्रोहाचं कलम 124अ लावलं. न्यायमूर्ती होते दिनशा दावर. 1897 मध्ये याच दावरांनी वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता, आणि आता बॅरिस्टर जीना टिळकांसाठी जामीन मागत असताना त्यांनीच तो नाकारला. ज्यूरीत नऊ जण: सात युरोपियन, दोन पारशी. टिळकांनी स्वतःची बाजू स्वतः मांडली, कित्येक दिवस मिळून एकवीस तासांवर बोलले. लेख मराठी, ज्यूरीपुढे त्यांचं भाषांतर, तेव्हा भाषांतरातल्या चुकाच त्यांनी एकेक करून दाखवल्या. 22 जुलैच्या रात्री सात विरुद्ध दोन असा निकाल लागला आणि सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. दुसऱ्या दिवशी त्यांना बावन्न वर्षं पूर्ण झाली.

पुढचा मुक्काम दापोली, कारण टिळकांचं मूळ गाव चिखलगाव त्याच तालुक्यात आहे. रत्नागिरीहून तिथे जायला दोन वाटा आहेत. हातखंब्याला महामार्ग धरून चिपळूण, खेड, दापोली ही एक. दुसरी खाडीमार्गे: जयगडहून फेरीबोटीने तवसाळ, तिथून गुहागर, पुढे धोपाव्याहून फेरीबोटीने दाभोळ. गाडी असेल तर दुसरीच घ्या. ओहोटीला धक्क्याचा उतार उघडा पडतो आणि तिथे शेवाळ असतं. खालून बसकी गाडी असेल तर ती तिरकी आणि सावकाश चढवावी लागते. जत्रेच्या किंवा जोडसुट्टीच्या दिवशी रांग लागते. शेवटच्या फेरीची वेळ धक्क्यावर पोचायच्या आधीच विचारून ठेवा. ती चुकली तर खाडीला वळसा घालून चिपळूणमार्गे फिरावं लागतं.

ही वाट घ्यायचं दुसरंही कारण आहे. गुहागर ते धोपावे या टप्प्यात अंजनवेल लागतं. टिळकांचे पणजोबा केशवराव पेशवाईत अंजनवेलचे मामलेदार होते. 1818 मध्ये इंग्रजी अंमल आला तेव्हा त्यांनी नोकरी सोडली.

दापोलीत मुक्काम करा. चिखलगाव नकाशावर शोधताना 'दापोली तालुका' जरूर लिहा, कारण महाराष्ट्रात या नावाची आणखी गावं आहेत. एस.टी. कमी आहे, तेव्हा रिक्षा जाऊन-येऊन ठरवा, नाहीतर परतताना फाट्यावर ताटकळावं लागतं. टिळकांचं घराणं या गावचं वंशपरंपरेने खोत. दापोलीजवळच्या लाडघरला लोक समुद्रासाठी जातात, पण ते टिळकांच्या पत्नी सत्यभामाबाईंचं माहेर आहे. बाळ आडनावाच्या घरातली ही मुलगी 1871 मध्ये टिळकांशी लग्न करून आली. 1912 मध्ये ती पुण्यात वारली तेव्हा नवरा मंडालेत कैदी होता.

खोतीचा विषय मात्र झाकून ठेवू नये. खोत सारा गोळा करून सरकारात भरत आणि कुळाकडून वर काय घ्यायचं ते बऱ्याच अंशी स्वतः ठरवत. 'केसरी'तून टिळकांनी खोतांची बाजू घेतली. शेतसाऱ्यावर सरकारशी भांडणारा हा माणूस कुळांच्या बाजूने का उभा राहिला नाही, हे विचारणं मला त्यांच्याविषयीच्या आदराचाच भाग वाटतो. याचं उत्तर दुसऱ्या एका कोकणी कायदेपंडिताने दिलं. 1937 मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबई विधानसभेत खोती रद्द करण्याचं बिल मांडलं. प्रत्यक्ष कायदा 1949 चा. आंबेडकरांचं मूळ गाव आंबडवे शेजारच्या मंडणगड तालुक्यात आहे. दापोलीहून सकाळी लवकर निघालात तर आंबडवे बघून त्याच दिवशी खेड स्टेशन गाठता येतं. सगळ्या गाड्या खेडला थांबत नाहीत, तेव्हा तिकीट काढताना थांबा बघून घ्या, आणि दापोली ते खेड या वळणाच्या रस्त्याला तासापेक्षा थोडा जास्तच वेळ धरा.