माळघुम्याचे डोळे का चमकत नाहीत?

सोलापुरात माझ्या कथांचे वाचक भेटले की एक प्रश्न हमखास येतो: माळघुम्याचे डोळे अंधारात चमकत का नाहीत? माळघुम्या हा मी कल्पिलेला, नान्नजच्या माळढोक अभयारण्यालगतच्या माळावर रात्री वावरणारा, दोन पायांवर चालणारा राक्षस. आणि राक्षसाचे डोळे काळोखात पेटलेले असावेत, ही वाचकांची अपेक्षा जुनी आहे. तुम्ही विचारलेत म्हणून त्यामागचा विचार मांडतो.

बार्शी रस्त्याने रात्री जाताना गाडीच्या झोतात शेळ्यामेंढ्यांचे, कुत्र्यांचे, नशीब असेल तर लांडग्याचेही डोळे चमकतात, पण कडेने चालणाऱ्या माणसाचे चमकत नाहीत. (फ्लॅशच्या फोटोत आपले डोळे लाल दिसतात, तो आतल्या रक्ताचा रंग असतो.) चमकणाऱ्या डोळ्यात दृष्टिपटलामागे एक परावर्तक थर असतो, पहिल्या फेरीत पेशींच्या हातून निसटलेला प्रकाश त्यावरून माघारी फिरतो आणि त्यांना तो टिपण्याची दुसरी संधी मिळते. त्यामुळे अंधुक उजेडात अधिक दिसते, मात्र प्रतिमेचा रेखीवपणा थोडा उणावतो. माकडांच्या आणि माणसाच्या दिवसा वावरणाऱ्या पूर्वजांनी हा थर गमावला. माळघुम्या मी माणसाच्याच शाखेतून फुटलेला मानला आहे, आणि एकदा गेलेले अंग केवळ गरज पडली म्हणून उत्क्रांतीत सहसा जसेच्या तसे परत येत नाही.

मग असा प्राणी रात्रीकडे वळला तर काय होईल? याचे उत्तर निसर्गात आहे. आग्नेय आशियाच्या बेटांवर राहणारा, मुठीत मावेल एवढा टार्सियर आपल्या दूरच्या भाऊबंदांपैकी. त्याच्याकडेही तो थर नाही, पण तो निशाचर आहे. त्याचे डोळे इतके वाढले आहेत, की एकेक डोळा त्याच्या मेंदूएवढा भरतो. ते खोबणीत जवळजवळ हलत नाहीत, म्हणून तो मानच दोन्ही बाजूंना सुमारे १८० अंशांपर्यंत वळवतो. माणसाच्या डोळ्याचा व्यास साधारण २४ मिलिमीटर असतो. माळघुम्याचा मी ५० धरला, आणि तेवढ्या एका आकड्याने सगळा चेहरा बदलला: खोबण्या रुंदावल्या, नाक आक्रसले, जबड्याला जागा कमी उरली, आणि खांदे न हलवता पाठीमागे वळणारी ती मान आली, जी मला कोणत्याही सुळ्यांपेक्षा भयंकर वाटते.

एवढ्या डोळ्यांना ऊन सोसणार नाही, म्हणून मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा तो दिवसभर ओढ्याकाठच्या कपारीत पडून असतो. परावर्तक थर नसल्यामुळे अगदी गडद अंधारात त्याचाही निभाव लागत नाही. त्याला निदान चांदणे तरी हवे. त्यामुळे माझ्या कथांतले मेंढपाळ अवसेला निर्धास्त झोपतात आणि पौर्णिमेला आळीपाळीने वाड्यावर पहारा देतात.