वळवाआधीची धूळ

बेळगाव शहरात राहणाऱ्यांना धुळीचे वादळ फारसे ठाऊक नसते. सह्याद्री जवळ असल्यामुळे एप्रिल-मे महिन्यांत वळवाच्या दोनचार सरी होऊन जातात, माती दबते, आणि वारा सुटलाच तर टिळकवाडी-शहापूरच्या गल्ल्यांतून पालापाचोळा फिरतो, पत्रे वाजतात, वीज जाते आणि पाऊस सुरू होतो. याच जिल्ह्याची पूर्व बाजू मात्र निराळी आहे. मलप्रभेच्या उगमाशी, कणकुंबीला, वर्षाकाठी हजारो मिलिमीटर पाऊस पडतो, तर अथणी-कागवाडकडे जेमतेम ५०० ते ६०० मिलिमीटर. दोनशे किलोमीटरांच्या आत लाल माती संपून काळी रानं सुरू होतात, फणसाची झाडे मागे पडून बाभळी दिसू लागतात, आणि उन्हाळ्याच्या अखेरीस वळीव यायचा तो आधी धूळ पाठवून येतो. ती धूळ मी नीट पाहिली ती काही वर्षांपूर्वी एप्रिलच्या अखेरीस, कागवाडजवळच्या माळावर मामांच्या बेदाणा शेडवर.

बेदाण्याचे काम ज्यांनी पाहिलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगायला हवे, कारण धुळीने काय बिघडते ते त्याशिवाय कळणार नाही. द्राक्षाचे घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीच्या रॅकवर पसरतात. मजल्यावर मजले असलेल्या या रॅकना वर छप्पर असते आणि बाजूंनी शेडनेट, म्हणजे ऊन थेट लागत नाही पण कोरडा वारा खेळता राहतो. साधारण दोन आठवड्यांत माल वाळतो आणि चार किलो द्राक्षांचा सुमारे एक किलो बेदाणा होतो. या सगळ्या धंद्याचे भांडवल म्हणजे कोरडा वारा. ज्या हवेमुळे अथणी-कागवाडपासून तासगावपर्यंत ही शेड उभी राहिली, तीच हवा शेवटच्या आठवड्यात उलटते. त्या वर्षी मामांचा शेवटचा माल रॅकवर होता आणि आणखी दोन-तीन दिवस उघडीप मिळाली असती तर तो झाडून पेट्यांत भरला गेला असता.

त्या दुपारी उकाडा असह्य होता. पश्चिमेकडून रोज दुपारी येणारा वारा तीनच्या सुमारास पडला आणि शेडनेट जी एरवी सतत फडफडत असते ती निश्चल लोंबू लागली. पूर्वेला, अथणीच्या अंगाला, ढग उभा राहिला होता. त्याचा माथा उन्हात पांढराशुभ्र आणि पाया शिसवी निळा. गावातील कोणालाही त्याचे विशेष वाटत नव्हते, उलट पाऊस आला तर बरे अशीच चर्चा होती. मामा तेवढे अस्वस्थ होते. गड्यांना हाका मारून ते पूर्वेकडच्या बाजूला ताडपत्र्या बांधून घेत होते. मी विचारले की पावसाला अजून वेळ दिसतो, तर ते म्हणाले, “पाऊस पुढंमागं येईल की गं, वारं आधी येतंय. मला वाऱ्याचं भ्या हाय.”

शेडवरून आग्नेयेला उगारच्या साखर कारखान्याची चिमणी दिसते. ढगाच्या पायाशी, जमिनीला लागून, आधी एक मातकट पट्टा दिसला, आणि तो धूर असावा असे मला वाटत होते, कारण त्या दिवसांत कोणी ना कोणी उसाचे पाचट पेटवलेले असते. पण धूर वर जाऊन विरतो, हा पट्टा मात्र आडवा वाढत होता आणि त्याला कडा होती. काही मिनिटांत त्याची भिंत झाली. खालचा भाग जवळजवळ काळा, मध्ये राखाडी, वर उन्हाने तांबूस झालेला, आणि संपूर्ण भिंत स्वतःभोवती वळत, खालची माती वर उसळवत आणि वरची पुढे लोटत चाललेली. तिच्यापुढे घारी गिरक्या घेत होत्या. जमिनीवरून उडालेले किडे आणि टोळ त्यांना आयते मिळत असावेत. मग चिमणी दिसेनाशी झाली. ती हळूहळू अंधुक होत गेली नाही, खालपासून वरपर्यंत एका दमात पुसली गेली. त्यानंतर जवळचा उसाचा फड, मग विहिरीवरची नारळाची झाडे, मग बांध. मामी दारातून ओरडत होत्या, “पोरी, आत ये आधी, मग बघ काय बघायचं ते!”

आत शिरून दार लावेपर्यंत वारा येऊन आदळला, आणि पहिली जाणीव धुळीची नव्हे तर गारव्याची होती. दिवसभर तापलेल्या अंगाला तो झोत इतका थंड लागला की क्षणभर बरे वाटले. लगेच डोळे, नाक, दातांमध्ये कचकच. दार-खिडक्या बंद असूनही कौलांच्या फटींतून माती गळत होती आणि खोलीत जो उजेड उरला होता तो हळदीच्या पाण्यासारखा पिवळा होता. वीज गेली. बाहेर काय उडते आहे ते आवाजावरून ओळखावे लागत होते: पत्रा, बादली, बहुधा ताडपत्रीचा कोपरा, आणि एक फांदी मोडल्याचा स्पष्ट आवाज. मामींनी पदर तोंडावर घेऊन दुधाच्या पातेल्यावर आधी परात झाकली आणि मग देवापुढचा दिवा विझवला. वाऱ्यात पेटता दिवा ठेवायचा नाही हा त्यांचा नियम मला देवभक्तीपेक्षाही शहाणपणाचा वाटला. हे सगळे दहाएक मिनिटे चालले असेल. नंतर मोठमोठे, विरळ थेंब पडू लागले, आणि ते भिंतीवर पडले की चिखलाचे डाग उमटत होते. मग खरा पाऊस आला, आणि तोही पाव तासात संपला.

पावसाने आकाश धुतले, पण बेदाणा धुतला गेला नाही. वाळत आलेल्या मण्यावर साखरेचा चिकटपणा असतो. त्यावर बसलेली बारीक माती झटकून जात नाही. मशीनवर धुऊन घ्यावा तर पुन्हा वाळवावा लागतो आणि रंग उतरतो, आणि बाजारात बेदाण्याचा भाव रंगावर आणि स्वच्छतेवर ठरतो. ताडपत्री बांधलेल्या बाजूचा माल बराचसा वाचला. ज्या कोपऱ्यातील दोरी तुटली तेथील रॅक मात्र करडे दिसत होते. मामांनी हिशेब मोठ्याने केला नाही.

अशी वादळे नेमकी कशी होतात हे मी त्यानंतर वाचले, आणि मामांचे “वारं आधी येतंय” हे वाक्य हवामानशास्त्रातही तंतोतंत खरे असल्याचे पाहून मला मौज वाटली. उंच वाढलेल्या ढगातून पाऊस पडू लागतो तेव्हा खालची हवा अत्यंत कोरडी आणि तापलेली असते. थेंब वाटेतच वाफ होऊन जातात, त्या बाष्पीभवनाने हवा गार होते, गार झालेली हवा जड होऊन वेगाने खाली कोसळते आणि जमिनीवर आपटून चहूबाजूंना पसरते. पसरणाऱ्या या गार हवेची पुढची कडा म्हणजेच ती भिंत. तिचा वेग ताशी ६० ते ७० किलोमीटर सहज असतो, कधी त्याहूनही बराच अधिक. माती सुटी आणि कोरडी असेल तर ती कडा दिसते. जमीन ओली किंवा हिरवी असेल तर तोच वारा न दिसता येतो. म्हणजे बेळगावात पत्रे वाजवणारा आणि कागवाडला सूर्य झाकणारा वारा जातीने एकच. सुदानमधील खार्टूम शहरावर आणि अमेरिकेत ॲरिझोना राज्यातील फिनिक्स शहरावर अशाच भिंती चालून येतात. ५ जुलै २०११ रोजी फिनिक्सवर आलेली भिंत सुमारे दीड किलोमीटर उंच आणि जवळपास १६० किलोमीटर रुंद होती. कागवाडची आमची भिंत त्यापुढे किरकोळच म्हणावी लागेल, पण तिच्या आत उभे असताना उंचीचा विचार कोणी करीत नाही.

धुळीपेक्षा वारा अधिक घातक असतो, हे मात्र आपल्याकडे पुरेसे कोणी मनावर घेत नाही. धूळ दिसली की लोक गच्चीवर जाऊन मोबाइलवर चित्रण करतात. १३ मे २०२४ रोजी मुंबईवर दुपारी अशीच धूळ आली, विमानतळावरील उड्डाणे काही काळ थांबली, आणि घाटकोपरला छेडानगर येथे पेट्रोल पंपावर महाकाय जाहिरात फलक कोसळून १७ जणांचा जीव गेला. मे २०१८ च्या आरंभी उत्तर प्रदेश आणि राजस्थानात आलेल्या वादळांत शंभरहून अधिक माणसे गेली, त्यांत आग्र्याच्या परिसराला मोठा फटका बसला, आणि रात्री झोपेत असताना भिंती व छपरे अंगावर पडल्याने अनेकांचा मृत्यू झाला. धुळीने गुदमरून नव्हे. आमच्या घरातील एक काका मराठा लाइट इन्फंट्रीत होते. बेळगावच्या केंद्रातून बाहेर पडल्यावर त्यांची काही वर्षे राजस्थानात गेली. आंधी दिसली की तेथे आधी तंबूचे खुंट ठोकून घेत आणि मगच माणसे तोंड झाकत, असे ते सांगत. मामांनी ताडपत्र्या बांधून घेतल्या त्यामागचा क्रम हाच होता.

रस्त्यावर असणाऱ्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम लिहिते, कारण निपाणी-संकेश्वरकडील महामार्गावर आणि त्याहूनही अथणी-विजयपूरच्या रस्त्यावर एप्रिल-मे महिन्यांत तिचा उपयोग होऊ शकतो. हवामान खात्याच्या भाषेत दृश्यता एक किलोमीटरच्या खाली गेली की ते धुळीचे वादळ. प्रत्यक्षात भिंतीच्या आत समोरचे बोनेटही नीट दिसत नाही. अशा वेळी आपला चालक दिवे लावून हळूहळू पुढे सरकत राहतो. ॲरिझोनामध्ये वाहनचालकांना नेमके उलट शिकवतात: वाहन डांबरी रस्त्यापासून पूर्ण बाजूला घ्या, थांबा, सगळे दिवे बंद करा आणि ब्रेकवरचा पाय काढा. रस्त्याकडेला पेटलेले मागचे लाल दिवे पाहून पाठीमागून येणारा गाडीवान पुढे रस्ता चालू आहे असे समजतो आणि थेट येऊन धडकतो, हे त्यामागचे कारण. झाडाखाली किंवा फलकाखाली मात्र थांबायचे नाही. विजेच्या इशाऱ्यासाठी पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचे ‘दामिनी’ ॲप बऱ्यापैकी उपयोगी आहे, आणि हवामान खाते जिल्हावार तीन तासांपर्यंतचा तातडीचा अंदाज देते, तोही पाहण्याची सवय असावी.

आता प्रश्न मातीचा. धूळ म्हटली की आपण वाळवंटाकडे बोट दाखवतो, आणि कधी कधी ते बरोबरही असते. जानेवारी २०२२ मध्ये पाकिस्तानकडून अरबी समुद्रावरून आलेल्या धुळीने मुंबई-पुण्याचे आकाश दिवसभर दुधाळ केले होते, मोटारींवर पांढरी पूड बसली होती आणि ऐन दुपारी मुंबईत गारवा होता. ती खरोखर परक्या मुलखाची धूळ होती, इतकी बारीक की शेकडो किलोमीटर तरंगत येऊ शकली. कागवाडच्या भिंतीत मात्र जाडी, काळी, बांधापलीकडची माती होती. ती परवापर्यंत कोणाच्या तरी रानात होती.

मामांचे म्हणणे असे की त्यांच्या तरुणपणी काळ्या रानाची उन्हाळी नांगरट झाली की मोठाली ढेकळे पडत, ती मे महिनाभर तापत राहत, आणि पहिल्या वळवाने फुटत. ढेकूळ वाऱ्याने उडत नाही. आता ट्रॅक्टरला रोटाव्हेटर जोडून एका फेरीत रान भुसभुशीत करून टाकतात. दिसायला ते सुरेख दिसते, पण पेरणीला दीड महिना असताना मातीचे पीठ करून उघड्यावर ठेवण्यात काय हशील आहे, हा त्यांचा प्रश्न मला बिनतोड वाटतो. त्यात ऊस तुटल्यावर पाचट पेटवतात. जमिनीवर राहिले असते तर पांघरूण झाले असते असे पाचट राख होऊन जाते आणि ती राखही त्याच भिंतीत असते. खालचा भाग इतका काळा दिसण्याला तीही थोडी कारण असावी. बांधावरच्या बाभळी-लिंबांबद्दल तर बोलायलाच नको. सावलीने पीक मार खाते म्हणून त्या तोडल्या गेल्या, आणि त्यांच्याबरोबर वारा अडवणारा आडोसाही गेला.

अमेरिकेतील मैदानांवर हे सगळे शंभर वर्षांपूर्वी होऊन गेले आहे. गवताळ रान ट्रॅक्टरने उलथून गहू पेरला, १९३० च्या दशकात दुष्काळ पडला आणि उघडी माती उडाली. मे १९३४ मधील एका वादळाची धूळ पूर्व किनाऱ्यावरच्या शहरांपर्यंत पोहोचली होती. १४ एप्रिल १९३५ च्या रविवारी आलेल्या काळ्या भिंतीनंतर दोन आठवडे उलटण्याच्या आत तेथे मृदसंधारणाचा कायदा झाला, आणि पुढे वारा अडवण्यासाठी झाडांच्या लांबच लांब रांगा लावण्यात आल्या. आपल्याकडचा काळा थर खोल आहे, पावसाळा दरवर्षी येतो, त्यामुळे तशी पाळी येईल असे मी म्हणत नाही. पण उन्हाळ्यात उडणारा थर हा सर्वांत वरचा, सर्वांत कसदार आणि विकत घेतलेल्या खतासकटचा असतो, एवढे तरी हिशेबात धरायला हवे.

मामांनी दुसऱ्या वर्षापासून पाचट पेटवणे बंद केले आहे आणि शेडच्या पूर्व बाजूला दुहेरी नेट लावली आहे. शेजारच्या रानाचे मालक मात्र अजूनही एप्रिलमध्येच रोटाव्हेटर फिरवतात, त्यावरून दरवर्षी बांधावर दोघांची तोंडातोंडी होते, आणि मालक ठरलेले उत्तर देतात की ट्रॅक्टर त्या आठवड्यात स्वस्त मिळतो.